म्हात्रे सर, मरळ आणि न लागलेला निकाल

रामवाडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीही मासे आणले, की तिसऱ्या मजल्यावरचे म्हात्रे सर वाटी घेऊन दारात हजर. मला तर हाक ठरलेली, "वैशाली, कल्ले फेकू नको गो! कल्ले माझे!"

सर रोह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेले. घरात एकटेच. माशाच्या कल्ल्यांत राहणारा चपटा, डोळ्यांना धड न दिसणारा किडा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "कटला माशाचा किडा कटल्यावरच ऱ्हाणार. मरळीवर सोड, मरंल, पण चिकटणार नाय!" हे पेपरवाल्याला सांगून झालं, गॅसवाल्याला सांगून झालं. माझ्या नणंदेला बघायला मुलगा आला, तर त्याच्या शेजारी बसून सरांनी विचारलं, "तुम्ही कटल्याचे का हो?" तो बिचारा म्हणाला, "नाही, आम्ही कासू गावचे."

एकदा जिन्यात कुणीतरी म्हणालं, "कशावरून सर?"

झालं! सरांनी जिवंत मरळ आणली, कटल्याची बोटभर पिल्लं आणली आणि सगळी एका टाकीत सोडली. किडा घर बदलतो का बघायला अख्खी बिल्डिंग वर. सूक्ष्मदर्शकापुढे रांग, सरांचा चहा.

सकाळी टाकीत मरळ एकटीच. पोट टम्म.

"सर, पिल्लं?"

"प्रयोगात विलीन झाली गो."

हसून हसून आमची पोटं दुखली. मग नवी पिल्लं आली, मध्ये जाळी आली. धाटावच्या कारखान्यांतून सुटलेले शिफ्टवाले डबा हातात घेऊन थेट वर जायला लागले. "काय सर, हलला काय किडा?" "थांबा. निकाल लागायचाय."

परवा सकाळी घावणे द्यायला गेले, तर मरळ उडी मारून लादीवर मरून पडलेली. सर शेजारीच बसलेले.

"आता निकाल कसा लागणार सर?"

"तो पहिल्याच आठवड्यात लागला. किडा हलला नाय."

"मग सांगितलं नाय ते?"

सर लादी पुसायला लागले. "सांगितलं असतं तर वर कोण आलं असतं गो?"

मी ताट ठेवलं, रिक्षा केली आणि बाजारातून जिवंत मरळ आणली.

संध्याकाळी आमचे हे टाकीत वाकून म्हणाले, "अजून किती दिवस चालणार हे?"

"शास्त्र हाय ते," मी म्हटलं, "घाई करून चालत नाय."