एदिरी

सहा महिन्यांत तमिळ बोलून दाखवीन, असं वाईहून निघताना रत्नाकर पेंडशाने सगळ्यांना सांगितलं होतं. विमा कचेरीत कारकून म्हणून तो मद्रासला आला, वेस्ट मांबलममध्ये रस्त्यालगतची खोली घेतली, तिकडचं पांढरं धोतर, वेष्टी, नेसू लागला आणि चौथ्याच महिन्यात त्याला वाटलं की भाषा आली. त्याची रीत सोपी होती. शब्द अडला की मराठीच्या नियमाने घडवायचा.

समोरच्या घरात गुंडोराव मास्तर राहत. ते तंजावरचे, घरात जुन्या वळणाचं मराठी बोलणारे. त्यांच्या अन्नपूर्णाबाई रत्नाकरला रोज वाटीभर अंबटभाजी पाठवत. मुलगी कृष्णवेणी लग्नाची होती, आणि त्या रविवारी तिला पाहायला कुंभकोणमहून मंडळी यायची होती. अन्नपूर्णाबाईंनी पहाटेपासून केसरी, म्हणजे तिकडचा शिरा, ढवळायला घेतली होती.

रत्नाकर ओट्यावर बसला होता. समोर घोड्याचा जटका थांबला आणि एक पगडीवाले गृहस्थ, तुळजाजी, बायकोसह उतरले. समोर वेष्टी नेसलेला माणूस पाहून त्यांनी तमिळमध्ये गुंडोरावांचं घर विचारलं. रत्नाकरने झोकात दाखवलं. तुम्ही त्यांना ओळखता का, असं त्यांनी विचारताच त्याला चेव आला. समोर म्हणजे ‘एदिर’, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेजार त्यावरून शेजारी, तर एदिर त्यावरून एदिरी. तो म्हणाला, ‘‘ओळखतो म्हणजे काय, ते माझे एदिरी.’’

तुळजाजींनी बायकोकडे पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, केव्हापासून? रत्नाकर म्हणाला, राहायला आलो त्या दिवसापासून. माझ्याआधी या खोलीत जो होता, त्याचेही ते एदिरीच होते. आणि त्यांची बायको? तीही. रोज भाजी पाठवते. तुम्ही ती खाता? खातो की, अजून तरी काही झालं नाही.

बाईंनी पदर तोंडाला लावला. शेवटी तुळजाजींनी मुलीबद्दल विचारलं. रत्नाकरने मनापासून सांगितलं की तीही एदिरीच, पण गुणी, शांत, अशी मुलगी या रस्त्यात दुसरी नाही.

मंडळी पुन्हा जटक्यात बसली आणि स्टेशनच्या दिशेने निघून गेली. फुलं आणायला गेली असतील, असं रत्नाकरला वाटलं. आपण चांगला शब्द टाकला म्हणून तो खूश होता.

बऱ्याच वेळाने गुंडोराव रस्ता ओलांडून आले. पाहुणे आले होते का, असं त्यांनी विचारलं. रत्नाकरने झालेलं सगळं सांगितलं, शब्दासकट. गुंडोराव ओट्यावर हळूच टेकले.

‘‘एदिरी म्हणजे वैरी, रत्नाकरराव,’’ ते म्हणाले. ‘‘समोरचा नव्हे.’’

रत्नाकरला आधी कळलंच नाही. वाटीभर भाजी, खोलीतला आधीचा भाडेकरू, एकेक वाक्य आठवत गेलं तसा तो उठून उभा राहिला. आणि तो वेष्टी सावरत मांबलम स्टेशनकडे धावत सुटला. गुंडोराव मागून येत होते.

मंडळी फलाटावरच होती. रत्नाकरने तमिळ सुरू केलं, पण धापा टाकताना एकही शब्द सापडेना. शेवटी त्याच्या तोंडून मराठीच बाहेर पडलं. तुळजाजी थक्क झाले. ‘‘मराठी येते तर आधीच मराठीत का नाही सांगितलांत?’’ असं त्यांनी आपल्या तंजावरी मराठीत विचारलं.

रत्नाकरने हात जोडून खुलासा केला. वैर वगैरे काही नाही, आपण नुसते समोर राहणारे. हे ऐकून बाईंचा चेहरा उजळेल असं त्याला वाटलं होतं, पण तो पडला.

‘‘आम्ही पुन्हा गुंडोरावांकडेच यायला निघालो होतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वैरीसुद्धा जिला गुणी म्हणतो, त्या मुलीबद्दल आणखी कोणास विचारायचे, असे मीच यांस म्हटले. आता तुम्ही शेजारी निघालांत. शेजारी काय, चांगलेच सांगणार.’’

रत्नाकर गोंधळला. खरं सांगून बिघडलं, खोटं सांगून जमलं होतं. गाडी दिसू लागली. कृष्णवेणीसाठी त्याने मन घट्ट केलं.

‘‘तसं थोडंसं वैर आहे आमचं,’’ तो चाचरत म्हणाला.

बाईंना ते पटेना. तेवढ्यात गुंडोराव येऊन पोचले. त्यांना धाप लागली होती, वहाण एकाच पायात होती.

‘‘आहे,’’ रत्नाकरकडे रोखून पाहत ते म्हणाले. ‘‘आज सकाळपासून आहे.’’

ते मात्र बाईंना पटलं.