परदेशी गेलेल्या बाबांची लुंगी

"परदेशी गेलेल्या माणसाची लुंगी आपल्या सरावली गावात रोज कशी वाळते?" हा प्रश्न वैभवीने स्वतःच्या वडिलांना विचारून दाखवावा, अशी पैज चिमी आणि तेजलने शाळेच्या नळावर लावली. (पैज: दोन प्लेट शेवपुरी.)

परदेशी जायला व्हिसा लागतो, हा सरकारी समज आहे. गल्लीला निरोप समारंभ पुरतो. वैभवीचे बाबा नरहरी बोईसरच्या एका कारखान्यात ऑपरेटर. मस्कतच्या कंपनीचं नुसतं पहिलं पत्र आलं, त्याच संध्याकाळी गल्लीने पुढची सगळी प्रक्रिया उरकली: शाल, नारळ, तीन भाषणं आणि नाक्यावर बॅनर. त्यावर बाबांचा एक, विमानाचा एक आणि शुभेच्छुकांचे एकोणतीस फोटो. व्हिसा तेवढा नव्हता. पण तो बॅनरवर दिसत नाही, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा परदेशी गेले. म्हणजे मागच्या खोलीत.

तिथली शिस्त वाखाणण्यासारखी होती. परदेशस्थाने पुढच्या दाराने निघू नये. निघालाच तर हेल्मेट घालावे (दळण आणायलासुद्धा). फोनवर वेळ दीड तास मागची सांगावी. उन्हाची तक्रार करावी. ती खरीच असते. शेजाऱ्यांनीही नियम पाळले. गिरणीत रंभाबाईंच्या पायावर बाबांचा डबा पडला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बघून चाल रे, कुठल्या गावचा तू?" आणि तशाच लंगडत घरी येऊन आईला म्हणाल्या, "शैला, नरहरीचा फोन येतो ना गं? येताना खजूर आणायला सांग त्याला."

त्या गल्लीतून आजवर अकरा जण परदेशी गेले. पैकी विमानाने चार. उरलेल्या सातांतले कृष्णकांतकाका दोन वर्षं कॅनडात आहेत. त्यांची सकाळची शिंक चार घरांना ऐकू येते.

सात आठवड्यांनी मस्कतच्या साहेबांनी व्हिडिओ कॉलवर बाबांची मुलाखत घेतली. व्हिसा तिच्यावरच अवलंबून होता. पहिलाच प्रश्न: सध्या कुठे राहता?

"मस्कतला," बाबा सवयीने म्हणाले. "ऊन फार आहे."

साहेबांना उत्तर आवडलं नसावं. तिथेच असलेल्या माणसाला तिथे नेण्याची तरतूद नाही, असं कळवून त्यांनी अर्ज बंद केला.

राहता राहिला कारखाना. तिथली जागा सुपरवायझरने राखून ठेवली होती, पण सोमवारपर्यंतच. जायचं तर नाक्यावरच्या त्या बॅनरखालून. आणि गेटवर हेल्मेट काढावं लागतं.

"कोणतं तोंड दाखवू तिथं?" बाबा म्हणाले.

"हाय तेच दाखवा," आई म्हणाली. "दुसरं कुठं हाय तुमच्याकडं?"

नेमकी हीच वेळ साधून वैभवीने पैजेचा प्रश्न विचारून टाकला. बाबांनी दोरीकडे पाहिलं. "माझी नाय ती," म्हणाले. घरात दुसरा पुरुष नव्हता. आईला हसू फुटलं, मग बाबांनाही, सात आठवड्यांत पहिल्यांदा, अगदी खो खो. आणि लगेच त्यांनी स्वतःचं तोंड दाबलं. मस्कतचं हसू सरावलीत ऐकू जाऊ नये म्हणून.

ते तोंड दाबणं मात्र वैभवीला बघवेना. शुक्रवारी ती शेवपुरी खाऊन (जिंकलेली असल्याने दोन्ही प्लेटा) घरी आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. न जाता निरोप होतो, तर न येता स्वागतपण होतं. रविवारी नाक्यावर बाबांचं स्वागत. कृष्णकांतकाका पण येतायत, कॅनडाहून. सातही जण एकदम उतरणार. खजूर बोईसरच्या बाजारातून आणू. आणि सोमवारी बाबा कामावर."

"लोक हसतील गं, वैभू."

"हसू देत ना! पत्रिका छापायला टाकलीय, तिच्यात खाली स्पष्ट लिहिलंय: हे वाचून ज्यांना हसू आले, त्यांनी येताना आपल्या घरातले हेल्मेट सोबत आणावे."