बावीस वर्षांचा जेसन आणि सत्तेचाळीस नंबरची बस

आमच्या ऑल्डरवेलचा महापौर कोण होणार, हे त्या वर्षी मी ठरवलं! एकटीनं! गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी, हातात चहा आणि कानाला टेलिफोन, एवढ्यावर! बाकीच्या बायकांना एक स्वेटर विणायला जेवढे दिवस लागतात ना, तेवढ्यात मी अख्खी निवडणूक विणून उसवली. खोटं वाटतंय? माझ्या लेकालाही वाटतं. पण तो मेला मी आजारी पडले तरी आधी थर्मामीटर मागतो.

भानगड होती सत्तेचाळीस नंबरच्या बसची. माझी शेजारीण एनिड. तिचा नवरा विल्फ टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात. आपल्या मुलांची नावं विसरला बिचारा, पण एनिड दिसली की ओळखतो. रोज दोनच्या ठोक्याला खिडकीत येऊन बसतो. तिकडे जाणारी बस एकच, सत्तेचाळीस नंबर, आणि ती बंद करायला सगळे टपलेले! महापौरपदाला उभे होते दोघं. केर्शॉ म्हणाला, बस ठेवतो. लम्ब म्हणाला, बघू. आता 'बघू' म्हणजे काय, हे ज्यांची लग्नं झालीत त्यांना सांगायला नको.

एका मंगळवारी दुपारी फोन खणखणला.

"नमस्कार, मी मतचाचणीच्या कंपनीतून केटलिन बोलतेय. आपलं वय किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"अय्या, सॉरी हं मॅडम. सत्तरीपुढच्या बायका आमच्या भरल्यात." आणि ठेवला की फोन!

भरल्यात! बायका आहेत की लोणच्याच्या बरण्या?

एनिड समोर बसून चहात बिस्किट बुडवत होती. "काय गं डॉट, बिटासारखी लाल का झालीस?"

"आपण म्हणे पुरे झालोत!"

दोन दिवसांनी पुन्हा तीच केटलिन. आता माझा आवाज म्हणजे चाळीस वर्षं सिगरेटी ओढलेला, चढावर कोळशाचा ट्रक घुरघुरतो तसा. आली लहर!

"वय?"

"बावीस."

"पुरुष?"

"मग काय! जेसन म्हणतात मला."

पोरगी रडायचीच बाकी राहिली हो! "बावीस? खरंच? फोन ठेवू नका हं प्लीज!" माझा आवाज ऐकून एवढा आनंद तर माझ्या नवऱ्यालाही कधी झाला नव्हता. "मत कुणाला देणार?"

"केर्शॉला."

"दर आठवड्याला फोन केला तर चालेल?"

"चालेल की. घरीच असतो. नोकरी कुठंय?"

शुक्रवारी पेपर आला. आधीच्या आठवड्यात केर्शॉ एका टक्क्यानं पुढे होता, आता सहा टक्क्यांनी! आणि वर हे एवढं मोठं छापलेलं: 'तरुणाईची लाट!' टीव्हीवर एक टायवाला तज्ज्ञ आलेखासमोर काठी घेऊन उभा. ही रेघ इथून इथं का गेली, तर म्हणे नव्या पिढीची स्वप्नं!

एनिडनं पडदा सारून बाहेर बघितलं. "कुठाय गं ही लाट? आपल्या गल्लीत सगळ्यात तरुण तो पोस्टमन, आणि तोही आजोबा झालाय."

"लाट तुझ्यासमोर बसून गुडघे शेकतेय!"

विल्फ वृद्धाश्रमात गेल्यापासून पहिल्यांदा एनिड पोट धरून हसली. मला वाटलं, झालं, बस वाचली!

कसली वाचते! शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये केर्शॉची सभा. आम्ही सगळ्या काठ्या टेकत हजर. आणि हा छप्पन्न वर्षांचा ढेरपोट्या गडी उलटी टोपी घालून आला! बसचं नाव नाही. म्हणतो कसा, "निवडून आलो की नदीकाठी स्केटिंगचा मोठा कट्टा बांधणार!"

हॉलमध्ये चार जणांच्या कमरेत स्टीलचे सांधे होते. आम्ही करणार स्केटिंग!

एनिड उभी राहिली. "आणि आमची सत्तेचाळीस नंबर?"

"अहो बाई, सध्या तरुण काय म्हणतात ते ऐकायला हवं."

थांब मेल्या, ऐकवते! मंगळवारी केटलिनचा फोन आला तसं जेसननं सांगून टाकलं, "मत लम्बला!"

"अरे! का बदललंत?"

"बससाठी! माझी आजी जाते सत्तेचाळीस नंबरनं!"

"बस… बस यादीत नाहीये हो. घरं, नोकऱ्या, हवामान, इतर."

"मग इतर लिही बाई!"

शुक्रवारी केर्शॉ चार टक्क्यांनी मागे! सहा पुढचा चार मागे! टायवाल्याच्या काठीला कापरं भरलं. 'तरुण नाराज! नुसता कट्टा पुरेसा नाही! त्यांना हवंय काहीतरी इतर!'

मग काय, केर्शॉनं कट्ट्यावर छप्पर जाहीर केलं. छपरावर रंगीत दिवे. दिव्यांखाली गाण्यांचे भोंगे. आणि खर्च कुठून? 'कमी वापराचे बसमार्ग बघावे लागतील.' तिकडे लम्बनंही 'बघू' सोडलं आणि सरळ सांगितलं, माझी पहिली सही सत्तेचाळीस नंबर बंद करण्यावर.

एनिडनं माझं मनगट धरलं. "डॉट, तुझ्या त्या जेसनला आवर गं! केर्शॉ निदान 'बघावे लागतील' म्हणतोय."

मी आवरला. पुढच्या मंगळवारी जेसन शहाण्यासारखा केर्शॉकडे परतला. शुक्रवारी केर्शॉ पुन्हा सहा टक्क्यांनी पुढे! टायवाला टीव्हीवर नाचायचाच राहिला: 'छप्पर लागू पडलं! केर्शॉनी तरुणांची नाडी ओळखली!'

मी सपात फेकून मारली टीव्हीला. मग पेपरच्या कचेरीत फोन लावला. "ऐका, तो तरुण मी आहे! मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे!"

"हो का आजीबाई? आणि मी इंग्लंडची राणी."

केर्शॉ निवडून आला. एकशे नव्वद मतांनी. मतदानाच्या रांगेत सगळ्या आम्हीच, पांढऱ्या डोक्यांच्या. तरीही मेल्यानं आभार मानले कुणाचे? तरुणाईचे! आणि महिन्याभरात बसथांब्यावरची पाटी उतरली.

आता एनिडचा भाचा रविवारी गाडीनं नेतो तिला. तेही त्याला जमलं तर.

"विल्फ बसतो का गं अजून खिडकीत?" मी भीत भीत विचारलं.

"रोज बसतो. तिथल्या मुली सांगतात ना. तीन वाजले की विचारतो, 'तिची बस चुकली का?'" एनिडनं बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली, स्वतः एकही घेतलं नाही. "तू जेसन झाली नसतीस, तर काय झालं असतं गं?"

"केर्शॉ एका टक्क्यानंच पुढे राहिला असता."

"आणि बस?"

मी चहाचा कप बाजूला ठेवला. मग उठले आणि त्या मतचाचणीवाल्यांच्या मोठ्या साहेबालाच फोन लावला. चांगला तासभर तिष्ठत ठेवलं, पण आला. सगळं कबूल केलं. माणूस चिडला नाही हो, उलट समजावून सांगायला लागला. म्हणाला, "आम्ही चारशे जणांना विचारतो. त्यात तुमच्यासारखे तरुण मुलगे वीस तरी हवेत. सापडला एकच, तुम्ही. म्हणून तुम्हाला आम्ही वीस जण धरलं."

वीस जण! माझ्या एका चपलेच्या जोडात!

"मग आता खरं लिहून घ्या," मी म्हटलं. "मी डॉट, बाई, वय अठ्ठ्याहत्तर. आणि इथं शेजारी एनिड आहे, एक्क्याऐंशीची. दोघींना सत्तेचाळीस नंबर हवीय. आम्हाला किती धरता?"

बटणं टकटकली. "काय आहे ना मॅडम, तुमच्या वयाच्या बायका फोनवर फार सापडतात. त्यामुळे… प्रत्येकी शून्य पॉइंट चार."

मी बोटांवर हिशोब केला. दोनदा केला. दोघी मिळून एक बाई भरत नव्हती.

एनिड माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणतो गं? मोजलं का आपल्याला?"

"मोजलं की," मी म्हटलं. "भरपूर."