मेव्हिसला विचारलं का?

नॉरिसने दोन्ही गुडघ्यांवर हात आपटले, "बरं तर मग!" म्हणाला आणि उठून उभा राहिला. यॉर्कशरमध्ये एवढं झालं की पाहुणा निघाला. मग दारात तासभर बोलत उभे राहतील, पण परत खुर्चीवर बसायचं नाही. बसला तर लाज गेली.

फ्रीडाच्या हातातला पुडिंगचा डाव तसाच राहिला. नवरा गेल्यापासून तिच्या दाराची घंटा रविवारी तेवढी वाजायची, आणि वाजवायचा तो हा दीरच. तो रुसून गेला की रविवारही सोमवारासारखाच ओस. पण तोंडाने 'थांब' म्हणेल ती फ्रीडा कसली!

आग लावली होती तिच्याच लेकाने. गॅविन लंडनला कॉलेजात कायदा शिकवतो. मटण संपेपर्यंत त्याने एकच दळण दळलं. युरोपच्या संघातून बाहेर पडायचं असं लोकांनी मत दिलं, ठीक आहे. पण तशी नोटीस द्यायची कुणी? राणीच्या नावाने सरकारने परस्पर, की आधी पार्लमेंटला विचारून? कोर्टाने नुकतंच सांगितलं होतं, की विचारून.

"लोकांनी एकदा सांगितलं ना?" नॉरिस लालबुंद झाला. "मग कोर्टाला कसली खाज?"

"काका, जे हक्क पार्लमेंटने दिले, ते सरकार एकटं कसं काढून घेईल?"

"तुझ्यासारखी शिकलेली घरात असली की बाहेर शत्रू कशाला हवेत? बरं तर मग!"

असा तो उठला होता. कोट चढवला, टोपी घातली. त्याची बायको मेव्हिस मात्र अजून पुडिंगच खात होती. बाहेर नोव्हेंबरचा पाऊस, आणि दुपारीच अंधारून आलेलं.

गॅविनला वाटलं, काकांना बसवायची हीच वेळ.

"काका, ही निघायची नोटीस तुम्ही कुणाच्या अधिकारात दिलीत? येताना दोघं आलात. मग काकूला न विचारता निघता कसे?"

"ती येते माझ्यामागे. लग्न झाल्यापासून येतेय."

"ती सवय झाली. संमती नव्हे."

नॉरिसचा हात दाराच्या मुठीवर होता, पण मूठ फिरत नव्हती. पुडिंगवरच्या गरम कस्टर्डची वाफ त्याच्या नाकात जात होती. "आणि उठलेला माणूस परत बसू शकतो का?" त्याने आवाज उतरवून विचारलं. "काय म्हणतो तुझा कायदा?"

"दिलेली नोटीस मागे घेता येते का, ते युरोपच्या करारातही लिहिलेलं नाही. माझ्या मते बसू शकतो. बाकीच्यांच्या मते नाही."

"धन्य!" फ्रीडा म्हणाली. "पोरांकडून फिया घेऊन हेच शिकवतोस?"

"म्हणूनच आधी काकूला विचारा. ती थांबू म्हणाली की काकांचं उठणं रद्द."

फ्रीडाचा जीव भांड्यात पडला. मेव्हिसने जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

मेव्हिसने चमचा खाली ठेवला, ओठ टिपले.

"मला विचारताय?"

"तुलाच, काकू."

"मग निघू या. फ्रीडाचं मटण म्हणजे चपलेचा तळ. दर रविवारी मुकाट चावते. कुणी विचारलंच नाही, म्हणून बोलले नाही."

नॉरिसचा चेहरा पडला. आता तर पार्लमेंटचाच हुकूम! दोघं पावसात बाहेर पडली.

बसथांबा फ्रीडाच्या खिडकीसमोरच, आणि रविवारची बस म्हणजे आली तर आली. दोघं निथळत उभी. निरोप घेऊन झालेला, त्यामुळे परत येता येत नव्हतं. आणि बस नाही, त्यामुळे जाताही येत नव्हतं.

"मुद्दा माझाच बरोबर होता, आई," गॅविन म्हणाला. "सगळं रीतसर झालं."

"हो ना. घर रिकामं झालं, पण रीतसर झालं. भांडी घास."

फ्रीडाने वाडग्यात पुडिंग घातलं, वर बशी झाकली, छत्री उघडली आणि रस्ता ओलांडला. वाडगा नॉरिसच्या हातात दिला. तो उभ्याउभ्या खाऊ लागला. माफीचा शब्द कुणी काढला नाही.

"येत्या रविवारी कोंबडी करते," फ्रीडा विजेच्या खांबाला सांगावं तसं म्हणाली.

नॉरिसने तोंड उघडलं, मिटलं, बायकोकडे पाहिलं. "मला नको विचारू. मेव्हिसला विचार."

फ्रीडाला ते जड गेलं. मटणाचं बोलणं अजून सलत होतं. तरी तिने विचारलं.

तेवढ्यात बस आली. "विचार करून सांगते," मेव्हिस म्हणाली, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नवऱ्याच्या आधी बसमध्ये चढली. तिच्यामागून नॉरिस चढला, फ्रीडाचा वाडगा हातात तसाच धरून.