कट्यारीवरची वेल

सहदेवमामांनी महिनाभर अख्ख्या परतवाड्यात डंका पिटला होता. "योगेशच्या लग्नात लोकं नवरदेव पाहनारच नाईत! त्याच्या हातातली कट्यार पाहतीन! लिहून घ्या!"

मामा म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर लोखंड ठोकून निवृत्त झालेला माणूस. निवृत्तीनंतर लोक देवदेव करतात. मामांनी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये भट्टी पेटवली आणि नक्षीदार सुऱ्या-कट्यारी घडवायला घेतल्या. अशात बहिणीच्या पोराचं लग्न ठरलं. हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार हवीच, आणि घरात असा मामा असताना ती बाजारातून आणायची? छे! मामांनी ट्रकच्या जुन्या कमानीचं, म्हणजे स्प्रिंगपट्टीचं, पोलाद ठोकून पातं काढलं. पितळेची मूठ, तिचा मोर केला. आणि पात्यावर मुठीपासून टोकापर्यंत संत्र्याच्या फुलांची वेल कोरली, पान न् पान छिन्नीनं उठवलेलं!

"अवो, घरातल्या सुरीनं वांगं बी कापल्या जात नाई," वच्छलामामी म्हणाल्या. "तिले धार लावान का कधी?"

"मी कलावंत आहो, वच्छला! धारवाला नाई!" मामा कडाडले.

हळदीच्या संध्याकाळी मामांनी कट्यार योगेशच्या हातात दिली आणि कौतुक ऐकायला कान टवकारले. तेवढ्यात योगेशची आत्या जमुनाबाई पुढे आल्या. त्यांनी एक पिवळंधम्मक लिंबू घेतलं आणि खच्चकन कट्यारीच्या टोकात खुपसलं.

मामा पुढे झेपावले. "जमुनाबाई! हे काय करून राहिल्या तुमी?"

"निंबू खोचून राहिली. नजर लागू नाई म्हनून."

"अवो, टोकावरची कळी झाकली न! निंबू त्याच्या खिशात ठेवा!"

"खिशात निंबू? नवरदेव आहे का रसवंतीवाला?"

सगळा मांडव हसला. आत्याबाईंपुढे कोणाचं चालतं? लिंबू राहिलं. रात्रभर योगेश कट्यार उभी धरून मिरवला, नाचला, आणि लिंबाचा रस वेलीच्या पानापानातून निवांत खाली ओघळत राहिला.

सकाळी वरातीची बस तेल्हाऱ्याला मुलीच्या दारात पोचली. योगेश उतरला, उन्हात कट्यार चमकली. म्हणजे चमकायला हवी होती! पात्याची वेलीची बाजू टोकापासून मुठीपर्यंत काळीठिक्कर पडली होती.

"नजर लागली वो माय!" जमुनाबाईंनी हंबरडाच फोडला.

व्याह्यांची तोंडं उतरली. प्रणालीच्या, म्हणजे नवरीच्या आईनं तोंडाला पदर लावला. बायका कुजबुजायला लागल्या. मामांचं मात्र टाळकं सरकलं. नजर कसली डोंबलाची!

"निंबाचा रस आहे तो! आंबट लागलं का पोलाद काळं पडते! लेकरालेबी समजते!"

"मंग आमाले लेकराहूनबी कमी अक्कल आहे का?" जमुनाबाई गरजल्या.

"पाहा मंग!" मामांनी स्वयंपाक्याकडून अर्धं लिंबू हिसकून आणलं आणि पात्याच्या दुसऱ्या, कोऱ्या बाजूवर खसाखसा चोळलं. सगळी वरात माना उंचावून बघत राहिली. पातं आधी करडं झालं, मग निळसर, मग काळं. मामांनी विजयी नजरेनं चौफेर पाहिलं.

जमुनाबाई दोन पावलं मागं सरकल्या. "पाह्यलं? मामानं हात लावला अन् इकूनबी काळी पडली! बाहेरची नाई, घरचीच नजर आहे वो!"

झालं! मंगलाष्टकांच्या वेळी नवरदेवाच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं. त्यासाठी मामांनी खास फेटा बांधला होता. आता त्यांना फेट्यासकट मांडवाच्या पार टोकाला, कूलरशेजारी बसवण्यात आलं. बहीण डोळ्यांनीच "गप बसा" म्हणाली. मामांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. संतापाचं होतं, पण अपमानाचंही होतं. ज्याला खांद्यावर बसवून बहिरमची जत्रा दाखवली, त्याच्याच लग्नात आपण कूलर राखायचा?

मुहूर्त जवळ आला तशी नवरीची आजी काठी टेकत पुढे आली. तिनं कट्यार निरखून पाहिली आणि म्हणाली, "अवो, कट्यार काळी झाली, पोरगं तर गोरंच आहे न? म्हंजे सारी नजर हिनं आपल्या आंगावर ओढून घेतली!"

मांडवात एकदम उजेड पडला. जमुनाबाईंनी क्षणात पलटी मारली. "मी तेच म्हनून राहिली होती! बोलवा न सहदेवभाऊले! लय गुनाची कट्यार केली!"

मामा वाजतगाजत नवरदेवाच्या पाठीशी उभे राहिले. अक्षता संपल्याबरोबर कट्यारीभोवती ही गर्दी! जो तो त्या काळ्या डागांबरोबर फोटो काढतोय.

"वेल पाहा, वेल!" मामा ओरडत होते. "संत्र्याची फुलं आहेत त्याच्यात!"

"ते राहू द्या हो," अकोल्याचे एक वामनराव म्हणाले. "आमच्या सागरचं लग्न आहे. मले अशीच पाह्यजे, नजर ओढनारी!"

मामा घरी आले ते धुमसतच. नजर ओढणारी? दाखवतोच! त्यांनी चक्क बाजारातून धार लावलेलं, तयार स्टेनलेसचं पातं आणलं. पितळी मोर तोच, वेल पहिलीपेक्षाही नाजूक कोरली. घाला म्हणावं आता लिंबाचा हौद! मग तरी वेलीकडे लक्ष जाईल.

सागरचं लग्न झालं आणि दुसऱ्याच दिवशी वामनराव कट्यार घेऊन दारात हजर!

"काहो, डुप्लिकेट माल देता? निंबू बदलू बदलू लावले, एक डाग नाई! सारी नजर पोरावरच राहिली! सकाळपासून शिंका देऊन राहिला तो!"

मामांनी स्टेनलेस समजावलं, वेल दाखवली, शेवटी हात जोडले. वामनराव कट्यार ओट्यावर आपटून तरातरा निघून गेले. मामा शेडमध्ये जाऊन पडले. जगात कलेला डोळेच नाहीत!

संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले, तर वच्छलामामी वांगी चिरत होत्या. वांगी लोण्यासारखी कापली जात होती. हातात पितळी मोराची मूठ!

"वच्छला! कट्यार आहे ते!"

"काय धार आहे वो!" मामी खुशीत म्हणाल्या. "अन् ही संत्र्याच्या फुलाची वेल... किती बारीक कोरली!"

मामांनी पाट ओढला आणि मामींसमोरच बसले. या जन्मात कोणीतरी वेल पाहिली! "तुले दिसली, वच्छला?"

"नाई दिसत तर काय? मघापासून तिच्यात अडकलेला लसून काढून राहिली मी!"