दुक्मच्या मेसमधला मुका टीव्ही

“अब्बा, हलू नको. नाक अजून शाइन करतंय,” मुस्कान म्हणाली आणि तिने पावडरचा पफ पुन्हा एकदा बापाच्या नाकावरून फिरवला. झुबेर हलला नाही. मस्कतच्या रुवी भागातल्या टायरच्या दुकानात दिवसभर नोकरांवर ओरडणारा हा माणूस सीबच्या घरातल्या हॉलमध्ये न्हाव्यापुढच्या पोरासारखा हनुवटी वर करून बसला होता. अंगात निळा कोट, गळ्यात लाल टाय आणि बाहेर मे महिन्यातली दुपार.

कारणही तसंच होतं. ओमानात कामाला आलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या अध्यक्षपदासाठी तो दोनदा उभा राहिला होता आणि दोन्ही वेळा तानाजीकडून हरला होता. नुसतं हरणं त्याने सोसलं असतं. पण मागच्या वेळी निकाल लागल्यावर तानाजीने सगळ्यांदेखत त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बिर्याणीची पहिली प्लेट त्याच्याच हातात दिली. ती बिर्याणी अजून झुबेरच्या घशाखाली उतरली नव्हती. यंदा हरलो तर पुन्हा या भानगडीत पडायचं नाही, असं त्याने घरात सांगून टाकलं होतं आणि घरच्यांनी ते नीट लक्षात ठेवलं होतं.

मंडळात अर्ज वगैरे भरायची पद्धत नव्हती. दरवर्षी रुवीतल्या एका हॉलमध्ये जेवणं उरकली की लोक नावं घेत, ज्याच्या नावाला जास्त हात वर होत तो अध्यक्ष. यंदा मात्र दूर दुक्मला कामावर असलेल्या पोरांनी अडवून धरलं. मंडळातली निम्मी माणसं तिकडे कामगारांच्या कॅम्पात राहणारी. कामाची घाई, सुट्टी मिळेना, मस्कतला यायचं तर जाण्यायेण्यात सुट्टी संपून जाते. त्यांनी निरोप पाठवला की तुम्ही दोघं व्हिडिओवर येऊन बोला, आम्ही मेसमधल्या मोठ्या टीव्हीवर बघतो आणि मग नाव कळवतो. मस्कतची मतं दोघांत सारखी वाटली गेली होती, त्यामुळे निकाल दुक्मच्या हातात होता.

नेमका त्याच महिन्यात मुस्कानने शाळेत अमेरिकेतल्या निवडणुकांवर प्रोजेक्ट केला होता. तो तिने बापाला तिच्या अडखळत्या मराठीत समजावून सांगितला. फार वर्षांपूर्वी तिथे पहिल्यांदाच दोन उमेदवार टीव्हीवर समोरासमोर आले. एक नुकताच आजारातून उठलेला, चेहरा उतरलेला, हनुवटीवर घाम. दुसरा ताजातवाना, थेट कॅमेऱ्यात बघणारा. ज्यांनी रेडिओवर ऐकलं त्यांना पहिला बरा वाटला आणि ज्यांनी टीव्हीवर पाहिलं त्यांना दुसरा, असं तेव्हापासून सांगतात. तेव्हापासून तिकडे टायचा रंगसुद्धा विचार करून ठरवतात म्हणे.

“म्हणजे अब्बा, लोक कानाने कमी आणि डोळ्याने जास्त व्होट करतात.”

झुबेरला हे फारच पटलं. तानाजी बोलायला लागला की लोकांच्या हातातला चहा गार व्हायचा. बोलण्यात त्याला गाठणं शक्य नव्हतं. पण दिसण्याचा मामला असेल तर गोष्ट वेगळी. त्याने कोट शिवून घेतला.

“निवडून आल्यावर काय काम करायचं, तो धडा पुढल्या वर्षी हाय काय?” त्याच्या बायकोने, खुदेजाने, स्वयंपाकघरातून विचारलं.

दोघांनी झुबेरच्या घरूनच बोलायचं ठरलं होतं. त्या दुपारी तानाजी आला तो अर्ध्या बाह्यांच्या सुती शर्टात. एसी दुरुस्तीच्या कामावरून तसाच आला होता. त्याने झुबेरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“झुबेरभाय, निकाह कुणाचा हाय?”

झुबेर फक्त हसला. कॅमेऱ्यासाठी त्याने ते हसू तीन दिवस आरशात बसवलं होतं.

मुस्कानने दोन मोठे दिवे लावले, लॅपटॉप समोर ठेवला आणि आवाज तपासला. एसीची घरघर माइकमध्ये येत होती. एसी बंद केला. खिडकीतून रस्त्यावरचे हॉर्न येत होते. खिडकी बंद केली. जन्मभर लोकांचे एसी चालू करत आलो, आज पहिल्यांदाच बंद करायला मदत केली, असं म्हणत तानाजी खुर्चीवर बसला आणि त्याने बोलायला सुरुवात केली. स्क्रीनच्या कोपऱ्यात दुक्मची मेस दिसत होती. बाकांवर दाटीने बसलेली माणसं आणि सगळ्यांत पुढे मेसचं काम बघणारा शरीफ.

तानाजी रंगात आला तेवढ्यात झुबेरच्या मांडीवरच्या फोनवर शरीफचा मेसेज आला. शेजारच्या खोल्यांत रात्रपाळीची माणसं झोपलेली असतात, म्हणून दिवसा मेसमधला टीव्ही मुका ठेवायचा नियम आहे, आवाज लावता येणार नाही. चित्र मात्र झकास दिसतंय.

तानाजीची तोफ डागली जात होती आणि तिच्यात दारूच नव्हती. त्याने फोन हळूच मुस्कानला दाखवला.

“टेल हिम, अब्बा. धिस इज चीटिंग,” ती कुजबुजली.

“आत्ता नको,” झुबेर ओठ न हलवता म्हणाला. हसू मोडलं असतं.

आणि इथेच त्याची पंचाईत सुरू झाली. आवाज जातच नव्हता, तर एसी बंद ठेवायची काही गरज उरली नव्हती. पण एसी लावला असता तर तानाजीने लगेच विचारलं असतं की आता आवाजाचं काय. दिवे तापले. खोली तापली. कोटाच्या आत घामाचे ओहोळ सुरू झाले. तानाजी गच्च्यांवर उन्हात काम करणारा माणूस, त्याला काहीच होत नव्हतं. दुक्महून महिन्याला एक बस मस्कतला आणू, पोरांना बाजार दाखवू, घरचं जेवू घालू, असं तो हात उडवत पोटतिडकीने सांगत होता. झुबेरची पाळी आली तेव्हा त्यानेही बसचंच आश्वासन दिलं, फक्त ते देताना हाताने हवेत एवढी मोठी बस काढली, तिची चाकं फिरवली आणि स्टिअरिंगही धरलं. तानाजी त्याच्याकडे संशयाने बघू लागला.

मग पावडर वितळली. कपाळावरून एक पांढरा ओघळ डोळ्यात उतरला आणि डोळा झोंबायला लागला. झुबेर कॅमेऱ्याकडे बघून हसत राहिला आणि त्याच वेळी रडतही राहिला. बसची चाकं हवेतच थांबली. समोरचे दोन दिवे चार झाले, शरीफ दोन झाले आणि तो खुर्चीत एका बाजूला कलंडू लागला.

“अगं मुस्कान, धर त्याला,” म्हणत खुदेजा बाहेर आली. झुबेरने डोळ्यांनी तिला कॅमेऱ्यासमोरून बाजूला व्हायला खुणावलं. तिने लक्ष दिलं नाही. टाय ओढून काढला, कोट सोडवला, तोंड पुसलं, लिंबूपाण्याचा एक पेला त्याच्या हातात दिला आणि दुसरा तानाजीच्या. दिवे विझवले. एसी लावला. मग तिचं लक्ष स्क्रीनमधल्या पोरांकडे गेलं.

“काय रे, जेवलात का?”

तिने तेच पुन्हा मोठ्याने विचारलं.

“अम्मी, त्यांना ऐकू येत नाही,” मुस्कान म्हणाली. “टीव्ही म्यूट आहे. पहिल्यापासून.”

तानाजीने पेला खाली ठेवला.

“झुबेरभाय, तुला ठाव होतं?”

झुबेरने पेल्यात बघितलं. “थोडं थोडं.”

“म्हणजे मी तासभर भिंतीशी बोललो.”

खुदेजाला या हिशेबात पडायला वेळ नव्हता. ती लॅपटॉपच्या जवळ गेली, पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेली आणि भुवया वर केल्या. मेसमध्ये खळबळ उडाली. पुढच्या रांगेतल्यांनी माना डोलावल्या. मागच्या एकाने रिकामं ताट उपडं करून दाखवलं. खुदेजाने त्याच्याकडे बोट रोखलं आणि शरीफला हातानेच दटावलं, त्याला आधी वाढ म्हणून. शरीफ खरोखरच उठला. पोरं हसत होती, हात हलवत होती. कितीतरी वेळ तिचं आणि त्यांचं असं हातवाऱ्यांनी चाललं होतं.

थोड्या वेळाने शरीफचा फोन आला. झुबेरने तो स्पीकरवर टाकला आणि डोळे मिटले.

“निकाल लागला,” शरीफ म्हणाला. “आमच्याकडची सगळी मतं खुदेजाभाभींना.”

“अरे, पण ती यात कुठं होती?”

“ते आम्हाला काय माहीत, झुबेरभाय. एकजण हात उडवत होता, एकजण रडत होता. कामाचं माणूस एकच दिसलं.”

तानाजीला हसू आवरेना. झुबेरला रडावं की हसावं कळेना. तो नुकताच दोन्ही करून बसला होता. खुदेजाने आधी साफ नकार दिला, मग जरा विचार केला, आणि बस नक्की कधी हवी आहे ते शरीफला विचारलं. तानाजीने ओळखीच्या बसवाल्याशी बोलायचं कबूल केलं. पोरं अजून स्क्रीनवर ताटकळली होती, त्यांना हातवाऱ्यांनीच चार शब्द सांगायला मुस्कानने आईला खुर्चीत बसवलं.

झुबेर गुपचूप स्वयंपाकघरात गेला. त्याने चेहरा धुतला, केस नीट केले, पेल्यात पाणी भरलं आणि बाहेर येऊन ते अध्यक्षांच्या हातात दिलं. पाणी द्यायला जेवढा वेळ लागतो त्याहून जरा जास्तच वेळ तो तिथे उभा राहिला, चेहरा कॅमेऱ्याकडे करून.