वाघाचे घरचे कपडे

एका जंगलात एक वाघ होता आणि त्याच्याकडे कपड्यांचा एकच जोड होता. पिवळ्यावर काळे पट्टे.

हसू नका. माझ्याकडेही अकरा वर्षं एकच तपकिरी स्वेटर आहे आणि तुमची आई त्यावरून मला काय काय बोलते ते मला ठाऊक आहे. गोष्ट ऐकायची आहे ना? मग नीट बसा. मांजरीला मांडीवर घ्यायचं असेल तर घ्या, पुढे गोष्टीत तिचंही काम आहे.

तर हा वाघ. नाव वाघोजीराव. तो तेच पट्टे घालून झोपायचा, तेच घालून उठायचा आणि तेच घालून शिकारीला जायचा. वाळक्या गवतात बसला की शेजारून गेलं तरी कुणाला कळायचं नाही. मग एकदम उडी, आणि संपलं.

त्याच जंगलात मथुरा नावाची एक हरणी राहत होती. तिचा नवरा मागच्या उन्हाळ्यात पाणी प्यायला म्हणून गेला, तो परत आला नाही. आता घरात ती आणि तिचं पाडस, शेवंती. शेवंती भारी वेंधळी. फुलपाखरू दिसलं की निघाली त्याच्यामागे. मथुरेचं देवाकडे दुसरं काही मागणं नव्हतं. एवढी पोर मोठी होऊ दे, एवढंच ती रोज म्हणायची.

एके दिवशी मायलेकी ओढ्यावर गेल्या. पाण्यात मान घालतात न घालतात तोच समोरच्या गवतातून वाघोजीराव उभा राहिला. पळायला जागा नव्हती. मथुरेने पोरीला पोटाखाली घेतलं. आता बाळांनो, फार भीती वाटली की तोंडातून काय निघेल त्याचा नेम नसतो. मथुरा बोलून गेली, "अगबाई, परवाही हेच घातलं होतंत ना?"

वाघाचा उचललेला पंजा वरच राहिला.

"काय?"

"हेच. पट्टे. परवा हेच, काल हेच. लांडग्याच्या मुंजीत हेच आणि कोल्ह्याच्या तेराव्यालाही हेच."

"मग दुसरं काय घालू? जन्माला आलो तेच घालून!"

"नाही, चांगलंच आहे हो," मथुरा म्हणाली. "आम्हाला आपलं वाटायचं, एवढा जंगलाचा राजा, त्याची स्वतःची अशी काहीतरी स्टाईल असेल."

वाघोजीरावाने पंजा खाली ठेवला. पाण्यात स्वतःकडे पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग घरी निघून गेला. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या पलीकडून हाक आली.

"मथुराबाई!"

काल ती नुसती हरणी होती. आज बाई झाली.

"खायला नाही आलो," वाघ म्हणाला. "ते स्टाईलचं जरा समजावून सांगा."

मथुरेला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिच्या अंगावरचे ठिपके आईकडून आलेले, आईच्या अंगावर तिच्या आईकडून. पण शेवंती बाजूलाच उभी होती, फुलपाखरू शोधत. तिच्याकडे बघून मथुरेला सुचत गेलं.

"हे बघा, रोज नवे कपडे लागत नाहीत. आहे तेच निरनिराळ्या तऱ्हेने घालायचं. पण अंगावर एक तरी गोष्ट अशी हवी की लांबून नजर गेली पाहिजे."

"किती लांबून?"

"टेकडीवरून दिसली तर उत्तम."

वाघोजीरावाने माकडाला कामाला लावलं. गावात दोरीवर वाळत घातलेलं काय काय माकडाने उचलून आणलं. एक गुलाबी लुगडं आणलं. पोळ्याला बैलावर घालतात ती आरशांची झूल आणली. वाघाने बैलाची झूल घातली, बाळांनो, आणि मथुरा म्हणाली, "अय्या, तुमच्यासाठीच शिवल्यासारखी आहे!"

"पण काहीतरी कमी वाटतंय," वाघ म्हणाला. एव्हाना त्याची नजर तयार झाली होती.

"गळ्यात काही नाही ना, म्हणून," मथुरा म्हणाली.

मग माकडाने घुंगुरमाळ आणली. मग करकर वाजणाऱ्या वहाणा, पाय चार म्हणून जोड दोन. शेवटी अत्तराची कुपी. आता वाघोजीराव यायचा तेव्हा लांबून रंग दिसे, त्याच्या आधी आवाज ऐकू येई आणि त्याच्याही आधी वास येई. हरणं निवांत उठून ओढ्यापलीकडे जात आणि तिथून माना डोलावत.

"वा! आजचं मॅचिंग काय आहे!"

आणि खोटं कशाला बोलू, त्याला ते जमत होतं. लुगडं सोमवारी फेटा, मंगळवारी उपरणं, बुधवारी कमरेला शेला. एकदा त्याने आरशांच्या झुलीवर मुद्दाम साधं गोणपाट घेतलं आणि अख्खं जंगल आ वासून बघत राहिलं. मी असतो तर मीही बघितलं असतं.

फक्त शिकार मिळत नव्हती. वाघोजीराव दबा धरून बसे, पण मानेला खाज सुटली की घुंगरं वाजत. तो वाळत चालला. हरणं म्हणाली, "अंगाने कमी झालात हो! कपडे किती छान बसतात आता!" की तो पुन्हा खूश.

मग एके दिवशी त्याची मावशी आली. वाघाची मावशी कोण? शाबास. ही जी तुमच्या मांडीवर घोरते आहे, तिच्याच घराण्यातली. ती गावात राहायची. भाच्याला बघून दारातच मटकन बसली.

"अरे मेल्या, काय ही दशा! शेवटचं कधी जेवलास?"

"पौर्णिमेला. एक बेडूक."

"आणि हे काय अंगावर? काढ ते. उतर गवतात, बस नेहमीसारखा आणि चार घास खा."

"मावशी, तुला ह्यातलं कळत नाही. ही माझी ओळख आहे."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वाद घालत बसली नाही. दुपारी भाचा झोपल्यावर तिने झूल, लुगडं, गोणपाट, वहाणा, घुंगुरमाळ, सगळ्याचं गाठोडं केलं आणि नदीवर नेऊन धुवायला टाकलं. मांजर आणि पाण्यात हात! पण मायाच तशी होती. अत्तरही तिने ओतून दिलं आणि भाच्याला पोटभर चाटून स्वच्छ केलं.

वाघोजीराव उठला तर अंगावर नुसते पट्टे. घरचे कपडे!

"मावशे, हे काय केलंस? कुणी बघितलं म्हणजे?"

लाजेने तो धावत सुटला आणि जिथे कुणी बघणार नाही अशा जागी जाऊन लपला. वाळक्या गवतात. पोटाशी पाय घेऊन, श्वास रोखून. इतका चांगला तो आयुष्यात कधी लपला नव्हता.

आणि तेवढ्यात तिथे शेवंती आली.

तिला आईने शिकवलं होतं, घुंगरं ऐकू आली की पळायचं. घुंगरं वाजली नाहीत. अत्तराचा वास नव्हता. गुलाबी काही दिसत नव्हतं. शेवंती वाघाच्या नाकापासून चार पावलांवर उभी राहून कोवळं गवत खाऊ लागली.

मागून मथुरा आली. गवतात तिला दोन डोळे दिसले. ती ओरडली असती तर पोर दचकून जागीच थिजली असती. पळत गेली असती तर वाघ आधी पोचला असता. मग ती ठसक्यात म्हणाली, "अगबाई! वाघोजीराव, तुम्ही? आणि असे?"

गवत हललं. आतून बारीक आवाज आला, "बघू नका हो माझ्याकडे."

"मी नाही बघत. पण टेकडीवर सगळा कळप उभा आहे, तुमची वाट बघत. आज काय घालून येणार म्हणून. उडी मारलीत तर सगळ्यांना दिसाल."

वाघोजीरावाच्या पोटात कावळे कोकलत होते. शेवंतीचा वास येत होता. पोट म्हणालं, मार उडी. पुन्हा म्हणालं, मार. त्याने मागचे पाय आवळले. मग त्याने टेकडीकडे पाहिलं आणि स्वतःच्या अंगाकडे पाहिलं.

"मथुराबाई," तो म्हणाला, "कुणाला सांगणार नाही ना?"

"छे हो."

वाघ गवतात आणखी खाली बसला. मथुरेने पोरीला ढुशी दिली आणि दोघी हळूहळू, अगदी हळूहळू, चालत निघून गेल्या.

झूल आणि लुगडं वाळल्यावर वाघोजीरावाने ती पुन्हा अंगावर चढवली आणि पुढे तो खेकड्यांवर राहू लागला. खेकड्यांना मॅचिंग कळत नाही याचं त्याला फार वाईट वाटे. मावशी गावी परत गेली, ती पुन्हा आली नाही.

घरी पोचल्यावर मथुरा बराच वेळ शेवंतीला चाटत राहिली. शेवंतीने विचारलं, "आई, वाघ झुलीत छान दिसतो का गं? की गुलाबी लुगड्यात?"

मथुरा चाटायची थांबली.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "पट्ट्यांत. उन्हात, गवतात, नुसत्या पट्ट्यांत. त्याच्याइतकं देखणं जंगलात कुणी दिसत नाही. तुझ्या बाबांनीही शेवटी तेच पाहिलं असेल."

"मग त्याला सांग ना."

मथुरेने पोरीला जवळ ओढलं आणि तिचं तोंड आपल्या कुशीत दाबून धरलं.

तात्पर्य: एखाद्याला खरोखर काय शोभून दिसतं, हे त्याला कधीही सांगू नये. विशेषतः त्याला दात असतील तर. आणि हो, तुमच्या आईला सांगा, माझ्या स्वेटरबद्दल ती जे काही म्हणते त्यामागे तिचं नक्की काय आहे, ते आता माझ्या लक्षात आलं आहे.